‘एकदाच’ या शब्दाची आठवण

मा. संपादक,
स. न. वि. वि.

उत्तम शुक्रवारनिमित्त (गुड फ्रायडे) आपल्या अंकात आलेला लेख वाचला. ख्रिस्ताने स्वतःचा बळी दिला, तसा प्रत्येक ख्रिस्ती माणसाने काहीतरी मोठा त्याग केल्याशिवाय देवाची कृपा होत नाही, असा त्याचा सूर होता. लेखकाचा हेतू चांगलाच असेल. पण हाच विचार गेल्या वर्षी आमच्या घरात शिरला आणि त्याने काय केले ते मी पाहिले आहे, म्हणून हे पत्र.

माझ्या धाकट्या दिरांची दोन्ही मूत्रपिंडे निकामी झाली होती. आठवड्यातून दोनदा डायलिसिस. सकाळी सहाच्या एसटीने जाऊ त्यांना घेऊन नगरला यायची. कोणीतरी तिला एका मंगल कार्यालयातल्या प्रार्थनासभेला नेले. तिथल्या प्रचारकाने सांगितले, जे सोडवत नाही तेच देवाला द्या. ते बी आहे, शंभरपट उगवेल. जावेने हातातल्या दोन पाटल्या द्यायचे ठरवले. लग्नापासून त्या कधी उतरल्या नव्हत्या, सहज निघेनात. कार्यालयाबाहेरच्या नळावर साबण लावून तिने त्या काढल्या, पदराला पुसल्या आणि आत जाऊन थैलीत टाकल्या. मनगटावर जिथे त्या असायच्या तिथली कातडी कितीतरी दिवस पांढरी दिसत होती.

दीर फेब्रुवारीत गेले. त्या प्रचारकाने तिला सांगितले, विश्वास कमी पडला. तेव्हापासून ती चर्चमध्ये येते, पण मागच्या बाकावर बसते आणि प्रभुभोजनाला, म्हणजे ख्रिस्ताच्या स्मरणार्थ भाकर व द्राक्षारस घ्यायला, उठत नाही. एकदा मला म्हणाली, “ताई, गळ्यातलंही द्यायला हवं होतं का?”

मी तीस वर्षे संडे स्कूल शिकवले. बायबलच्या नव्या करारातले इब्री लोकांस लिहिलेले पत्र मुलांना जड जाते, म्हणून मी त्यांना एक प्रश्न विचारायची : निवासमंडपात, म्हणजे मोशेच्या काळच्या उपासनेच्या तंबूत, दिवा होता, मेज होते, वेदी होती, मग काय नव्हते? उत्तर येई ते खुर्चीचे. याजकाला बसायला जागाच सांगितलेली नाही, कारण त्याचे काम कधी संपत नसे. पत्राच्या दहाव्या अध्यायात तेच आहे. याजक दररोज उभा राहून तेच ते यज्ञ पुन्हा पुन्हा करतो. ख्रिस्त मात्र एकच यज्ञ करून देवाच्या उजवीकडे बसला. बसला, म्हणजे काम झाले. ‘एकदाच’ हा शब्द त्या पत्रात पुन्हा पुन्हा येतो. यिर्मया संदेष्ट्याने ज्या नव्या कराराचे भाकीत केले त्यातला देवाचा शब्दही हाच, की त्यांचे पाप मी यापुढे आठवणार नाही. आणि पत्र सरळ सांगते : जिथे क्षमा झाली तिथे पापांबद्दलचे अर्पण उरत नाही. मग माझ्या जावेच्या पाटल्यांनी कोणते देणे फिटणार होते?

जुन्या करारालाही आपण उगाच कठोर म्हणतो. लेवीय पुस्तकात पापार्पणासाठी कोकरू सांगितले आहे. ते ऐपतीत नसेल तर दोन होले किंवा पारव्याची दोन पिले. तेही जमत नसेल तर एफाचा (धान्याचे एक माप) दहावा हिस्सा सपीठ. पीठ! बाळंतपणानंतरच्या शुद्धीकरणासाठीही गरिबाला पक्ष्यांची सवलत होती, आणि मरियेने येशूच्या जन्मानंतर दिले ते पक्षीच, कोकरू नव्हे. मोशेच्या नियमशास्त्राने गरिबासाठी किंमत उतरवत आणली. आणि आज ख्रिस्ताचे नाव घेणारे लोक आजाऱ्याच्या बायकोसमोर ती चढवत नेतात. याचा मला अतोनात राग येतो.

अशा सभांमध्ये मंदिराच्या दानपेटीत दोन टोल्या, म्हणजे अगदी क्षुल्लक नाणी, टाकणाऱ्या विधवेची गोष्ट हमखास सांगतात. तिने सगळी उपजीविका टाकली, तुम्ही काय टाकता? पण मार्कच्या शुभवर्तमानाच्या बाराव्या अध्यायात तिच्या अगदी आधीचे वचन कोणी वाचत नाही. त्यात येशू शास्त्र्यांविषयी, म्हणजे नियमशास्त्राच्या पंडितांविषयी, म्हणतो, की ते विधवांची घरे गिळतात आणि ढोंगाने लांबलचक प्रार्थना करतात. लगेच पुढे ही विधवा येते. आणि त्यानंतरच्या अध्यायाच्या सुरुवातीलाच मंदिराबद्दल तो म्हणतो, इथे दगडावर दगड राहणार नाही. इ. स. 70 मध्ये रोमी सैन्याने ते मंदिर पाडले. विधवेच्या मनाचे मोल मोठेच आहे, पण तिच्याजवळ काहीच उरू नये अशी व्यवस्था येशूला मान्य होती, असे मला त्या पानांवर कुठेही दिसत नाही.

देऊ नये असे मी म्हणत नाही. कापणीच्या सणाला आमच्याकडे बाजरीची पोती, भोपळे, कोंबड्या येतात, आवारात लिलाव होतो आणि पाच अंडी कोणीतरी हौसेने शंभराला घेतो. त्यात आनंद असतो, कारण त्यात सौदा नसतो. इब्री पत्राच्या शेवटच्या अध्यायात ख्रिस्ती माणसाचे यज्ञ सांगितले आहेत : स्तुती करा, चांगले करणे व जवळचे दुसऱ्याला देणे विसरू नका, अशा यज्ञांनी देव संतुष्ट होतो. एवढेच.

डायलिसिसला दिरांच्या शेजारच्या खाटेवर पाथर्डीकडचे एक गृहस्थ असत. सोबत कोणी नसे. जाऊ तेव्हापासून त्यांच्यासाठीही दोन भाकरी आणि बिनमिठाची भाजी आणायची. दीर गेले, तरी दर गुरुवारी ती त्याच सहाच्या गाडीने येते आणि त्यांना डबा देऊन परत जाते. देवाला काय दिले याचा हिशेब करताना हा डबा तिने कधी धरलेला नाही.

येत्या महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन आहे. मी तिला घ्यायला जाणार आहे, आणि आम्ही दोघी पुढच्या बाकावर बसणार आहोत.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, अहिल्यानगर