शेरिडनच्या विटा

शिकागो,
रविवार, दुपार

प्रिय दिन्या,

व्हॉट्सअ‍ॅपवर चार ओळी टाकता आल्या असत्या, पण विषय विटांचा. तो तुझ्याशिवाय कोणाला सांगू?

काल आईला घेऊन फोर्ट शेरिडनला गेलो. ती तट-बुरूज शोधत होती. म्हटलं, "अगं, हा किल्ला नाही, जुनी छावणी आहे." "मग फोर्ट कशाला म्हणतात?" गप्प बसलो.

मिशिगन सरोवराच्या कड्यावर मोठं परेडचं मैदान, त्याच्या कडेला फिकट पिवळ्या विटांच्या लांबलचक बराकी, आणि मधोमध कमानीवर उभा मनोरा. ऐटीत दिसतो, पण आत होती पाण्याची टाकी! मुळात २२७ फूट होता, नंतर वरचा भाग उतरवून बुटका केला. तू असतास तर आधी भिंतीवर टिचकी मारून आवाज ऐकला असतास. तुझ्या वतीने मी मारली. खणखणीत.

माती याच कड्याची, विटा इथेच पाडून भाजलेल्या. मातीत चुनखडी, म्हणून लाली चढलीच नाही. तुमच्या कृष्णाकाठच्या भट्टीवर फिकट वीट निघाली की अण्णा "कच्ची" म्हणून बाजूला फेकायचे, आठवतं? इथे ती सव्वाशेहून जास्त हिवाळे बर्फ खात उभी आहे. अण्णांना सांग, पण जपून.

छावणी का बांधली ते कळल्यावर मात्र मी भिंतीवरचा हात काढला. १८८६ साली शिकागोतल्या हेमार्केट चौकात कामगारांच्या सभेत बॉम्ब फुटला. मागणी आठ तासांच्या कामाच्या दिवसाची. शहरातले धनिक इतके धास्तावले की फौज हाकेच्या अंतरावर असावी म्हणून त्यांनीच जमीन मिळवून सरकारला दिली. १८९४ च्या पुलमन संपात, म्हणजे रेल्वे कामगारांच्या मोठ्या संपात, फौज इथूनच शहरात गेली. म्हणजे घाम गाळून विटा पाडल्या कामगारांनी, आणि आत राहायला आले ते त्यांच्यावरच धाडायचे शिपाई. मला तुमच्या भट्टीवर पहाटे तीनला चिखल तुडवणारी माणसं आठवली. त्यांचे तास कोणी मोजले होते रे?

१९९३ ला छावणी बंद झाली. आता बराकींत फ्लॅट आहेत, महागडे. कमानीखालून एक बाई कुत्रा फिरवत गेल्या, छान हसल्या.

भिंतीच्या पायाशी विटेचा एक टवका पडला होता. तुझ्यासाठी खिशात टाकणार, तेवढ्यात आईने डोळे वटारले. जागच्या जागी ठेवला.

अण्णांना नमस्कार.

तुझा,
बंड्या