गाढवावर सोळा विटा

संपादक महाशय,
स. न. वि. वि.

कालच्या अंकातला मुक्या जनावरांवरचा अर्ध्या पानाचा लेख वाचला. कळवळा पोचला. पण फोटोखाली 'ओझ्याने वाकलेले गाढव' म्हणून जे छापलंय, ते खेचर आहे. शेपूट बघा. खेचराच्या शेपटीला घोड्यासारखे भरघोस केस असतात, गाढवाच्या शेपटीला गाईसारखा टोकाशीच गोंडा. उगाच कीस पाडतोय असं समजू नका. ओझ्याच्या जनावरांसाठीच्या १९६५ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे खेचराच्या पाठीवर २०० किलो चालतात, गाढवाच्या पाठीवर फक्त ५०. सरळ चौपट. लेखात मात्र 'किलो' हा शब्द एकदाही नाही. 'वेदना' सात वेळा आहे, मी मोजला.

हे आकडे मला पाठ आहेत त्यात माझी काही पुण्याई नाही. तीन वर्षांपूर्वी जुनी इंदूरमधल्या आमच्या घराची मागची भिंत पुन्हा बांधायला काढली. गल्लीत साधी रिक्षा शिरत नाही, म्हणून ठेकेदाराने कुंभाराची चार गाढवं आणली. बोली खेपेवर. खेपा कमी तर पैसे कमी, म्हणून मीच ओट्यावर उभा राहून "भैया, थोड़ी और रखो" करत होतो. एकेकाच्या पाठीवर तीस-बत्तीस विटा. वीट तीन किलोची धरा. नियमाने सोळाच बसतात. तिसऱ्या दिवशी, भर मे महिन्यात, दुपारी एकच्या सुमारास एक गाढवीण आमच्या दारातच बसली. पाठीवरचं गोणपाट काढायला गेलो तर ते निघेना. खाली तळहाताएवढी जखम, पोतं तिलाच चिकटलेलं. मी मालकाला नाही नाही ते बोललो. तो सगळं ऐकून घेऊन म्हणाला, "बाबूजी, रेट तो आपने तोड़ा था."

नंतर वकील भाच्याने नियम वाचून दाखवले. पारा ३७ अंशांच्या वर असेल तर दुपारी बारा ते तीन काम घ्यायचं नाही. सलग पाच तासांहून जास्त नाही, दिवसाकाठी नऊ. आणि प्राण्यांच्या छळाविरुद्धच्या १९६० च्या कायद्याप्रमाणे पहिल्या गुन्ह्याला दंड किती, तर दहा ते पन्नास रुपये! पन्नास रुपयांत सराफ्याच्या खाऊगल्लीत पोटभर भुट्ट्याचा कीस तरी येतो का?

आपल्या लेखकाचा तोडगा गाढवांवर ओझी लादायला सरसकट बंदीचा. छान. मग कुंभार काय गाढविणीला घरी बांधून चंदी घालणार आहे? कार्तिकात उज्जैनला नेऊन शिप्रेकाठच्या जत्रेत विकेल, आणि घेणारा वीटभट्टीवर नेईल, जिथे आपला फोटोग्राफर जात नाही. तसंही २०१२ ते २०१९ या सात वर्षांत देशातली गाढवं ६१ टक्क्यांनी घटली, सव्वा लाखाच्या आसपास उरली. बंदी न घालताच! तेवढ्याने उरलेल्यांच्या पाठीवरच्या विटा कमी झालेल्या मी तरी पाहिल्या नाहीत. आमच्या लहानपणी टांग्याच्या अड्ड्यावर पाण्याचा हौद असे. स्वच्छतेत आपण वर्षानुवर्षं देशात पहिले आलो, आणि आता आमच्या भागात जनावराने तोंड घालावं असा एक हौद नाही. पाऊस पडला म्हणून गाढवांना गुलाबजाम चारणारा आपला माळवा. पाण्याचं तेवढं बघा.

"पत्रं लिहून काय होतं?" असं आमच्या सौभाग्यवती आताच विचारून गेल्या. १९३१ साली डोरोथी ब्रुक नावाच्या बाईंनी लंडनच्या 'मॉर्निंग पोस्ट'ला असंच एक पत्र लिहिलं होतं. पहिल्या महायुद्धातले इंग्रजी फौजेचे म्हातारे घोडे कैरोत ओझी ओढत होते, त्यांच्याबद्दल. वाचकांनी पैसे धाडले, तीन वर्षांत पाच हजार घोडे सोडवले गेले आणि १९३४ ला तिथे दवाखाना उभा राहिला. माझ्या पत्राने निदान ती फोटोओळ दुरुस्त व्हावी.

आपला,
एक वाचक, जुनी इंदूर

ता. क. : त्याच अंकात पान पाचवर 'वरातीत धमाल' असा रंगीत फोटो आहे. घोडीच्या कानापासून हातभर अंतरावर डीजेचा भोंगा. तिच्या तोंडातली लगाम काट्यांची होती का, हे फोटोग्राफरला विचारून कळवावे. १९६५ च्या त्याच नियमांत काटेरी लगामीलाही मनाई आहे.