वैद्यकीय शिक्षण मंत्र्यांना खुले पत्र: आतड्याच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेचा निकालही नोंदवा

मा. वैद्यकीय शिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य

महोदय,

सादर नमस्कार.

मी पुण्यात मोठे आतडे आणि गुदाशय (मोठ्या आतड्याचा शेवटचा भाग) यांच्या कर्करोगावर शस्त्रक्रिया करणारी सर्जन आहे. दुर्बिणीतून होणारी ही शस्त्रक्रिया आपल्या राज्यात रुजताना मी पाहिली, ती शिकले, पुढे शिकवली, आणि तिच्या निकालांचा अभ्यास करण्यात माझी बरीच वर्षे गेली. त्या आधारावर एक मागणी आपल्यापुढे ठेवते. सरकारी पैशातून होणाऱ्या अशा प्रत्येक शस्त्रक्रियेचा दर्जा आणि निकाल नोंदला जावा, ती करणाऱ्या सर्जनना शिकवण्याची जबाबदारी आपल्या विभागाने उचलावी, आणि या कामाची सुरुवात पुण्यातून व्हावी.

इंदापूर तालुक्यातून एक तरुण शेतकरी माझ्याकडे आले होते. दुसरीकडे त्यांची गुदाशयाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली होती आणि दोन वर्षांच्या आत ओटीपोटात गाठ पुन्हा उगवली होती. त्यांच्या फाइलमध्ये डिस्चार्ज कार्डावर ‘लॅप्रोस्कोपिक’, म्हणजे दुर्बिणीतून केलेली, हा शब्द ठळक छापलेला होता, आतडे जोडणाऱ्या स्टेपलरचे स्टिकर चिकटवलेले होते, बिलाचे सगळे कागद जागच्या जागी होते. पॅथॉलॉजीचा अहवाल मात्र चार ओळींचा. कर्करोग कोणत्या प्रकारचा, हे त्यात होते. लसीकाग्रंथी (लिम्फ नोड) चारच तपासलेल्या, जिथे किमान बारा तपासाव्यात असा जगभरचा प्रघात आहे. आणि काढलेल्या भागाच्या भोवतालची कड कर्करोगापासून मुक्त होती की नाही, याबद्दल एक अक्षरही नव्हते. गाठ परत का आली, असे त्यांच्या पत्नीने मला विचारले. कर्करोगच आक्रमक होता की शस्त्रक्रिया अपुरी पडली, हे त्या कागदांवरून कोणालाही सांगता आले नसते.

ती कड इतकी महत्त्वाची का, हे थोडे विस्ताराने सांगणे भाग आहे. गुदाशयाभोवती चरबीचे एक वेष्टन असते. त्याला मेसोरेक्टम म्हणतात. कर्करोग पसरतो तो बहुधा आधी या वेष्टनातल्या लसीकाग्रंथींमध्ये. वेष्टन आणि ओटीपोटाची भिंत यांच्यामध्ये कोळ्याच्या जाळ्यासारखा पांढुरका, विरळ थर असतो. त्या थरातून धीराने, नीट दिसत असताना पुढे गेले, तर गुदाशय वेष्टनासकट अखंड बाहेर येतो आणि लघवीवर व लैंगिक क्रियेवर नियंत्रण ठेवणाऱ्या नसाही वाचतात. हात बोटभर आत सरकला, तर वेष्टन फाटते आणि कर्करोगाच्या पेशी मागे राहू शकतात. बाहेर सरकला, तर नसा जातात. इंग्लंडमधील बेझिंगस्टोकचे सर्जन बिल हील्ड यांनी 1982 मध्ये हे तंत्र मांडले. 1986 मध्ये लीड्सचे पॅथॉलॉजिस्ट फिलिप क्वर्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले, की भोवतालच्या कडेवर कर्करोग आढळला तर तो त्याच जागी परत येण्याचा धोका कितीतरी वाढतो. पुढे स्टॉकहोम परगण्यातील सर्जनना हे तंत्र कार्यशाळा घेऊन शिकवण्यात आले. 2000 साली प्रसिद्ध झालेल्या निकालांत, त्याच जागी कर्करोग परत येण्याचे प्रमाण पूर्वीच्या सुमारे 15 टक्क्यांवरून 6 टक्क्यांवर आले होते. एखादे नवे औषध एवढा फरक दाखवते तेव्हा त्याच्या बातम्या होतात. इथे फक्त सर्जनना नीट शिकवले गेले होते.

दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेची गोष्टही याहून वेगळी नाही. भारतात दुर्बिणीतून पित्ताशय काढण्याची पहिली शस्त्रक्रिया 1990 मध्ये डॉ. तेहेमटन उडवाडिया यांनी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात केली, म्हणजे आपल्याच विभागाच्या रुग्णालयात. हे मला अभिमानाने नमूद करावेसे वाटते. त्यानंतर वर्षभरातच परदेशात मोठ्या आतड्यावरील अशा शस्त्रक्रियांचे वृत्तांत प्रसिद्ध होऊ लागले. पण कर्करोगाच्या बाबतीत आम्हा सर्वांच्या मनात भीती होती, कारण दुर्बिणीसाठी पाडलेल्या छिद्रांच्या जागी कर्करोग उगवल्याची उदाहरणे समोर येत होती. ही भीती दूर झाली ती मोठ्या चाचण्यांमुळे. अमेरिकेत 872 रुग्णांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष 2004 मध्ये आले. मोठ्या आतड्याच्या कर्करोगात पोट उघडून आणि दुर्बिणीतून, अशा दोन्ही पद्धतींनंतर रोग परत येण्याचे प्रमाण जवळपास सारखे होते, आणि दुर्बिणीच्या रुग्णांना वेदना कमी होऊन ते लवकर घरी गेले. मात्र त्या चाचणीत सहभागी होण्यासाठी सर्जनने अशा किमान 20 शस्त्रक्रिया केलेल्या असणे आणि आपल्या शस्त्रक्रियेची काटछाट न केलेली चित्रफीत तपासणीसाठी देणे बंधनकारक होते. ब्रिटनमधील चाचणीत पहिल्या वर्षी 38 टक्के रुग्णांमध्ये दुर्बीण बाजूला ठेवून पोट उघडावे लागले. सहाव्या वर्षी हे प्रमाण 16 टक्क्यांवर आले. वर्षे सरली तसा सर्जनचा हात तयार होत गेला.

गुदाशयाच्या बाबतीत तर अधिक सावध राहावे लागते. 2015 मध्ये अमेरिकेतील एक आणि ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमधील एक, अशा दोन चाचण्यांना दुर्बीण ही उघड्या शस्त्रक्रियेच्या तोडीची आहे असे सिद्ध करता आले नाही, आणि त्यातही प्रश्न होता तो कडेचा व वेष्टनाच्या अखंडतेचाच. सर्जनने चालवलेल्या यांत्रिक हातांनी दुर्बिणीची शस्त्रक्रिया करणाऱ्या रोबोटचा आज फार बोलबाला आहे. मी स्वतः रोबोट वापरते. अरुंद ओटीपोटात त्याचा उपयोग होतो, हे मी नाकारत नाही. तरीही 471 रुग्णांवरील आंतरराष्ट्रीय चाचणीत, जिचे निष्कर्ष 2017 मध्ये आले, पोट उघडावे लागण्याचे प्रमाण रोबोटमुळे लक्षणीय घटल्याचे दिसले नाही. म्हणून माझी कळकळीची विनंती आहे, की सरकारी महाविद्यालयासाठी रोबोट विकत घेण्याचा प्रस्ताव आपल्यापुढे येईल तेव्हा तो चालवणारा सर्जन कोणाच्या हाताखाली शिकणार आणि त्याचे निकाल कोण तपासणार, हे आधी विचारावे.

इंग्लंडने हा प्रश्न सरकारी पातळीवर सोडवला. तेथे 2006 मध्ये दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेला अधिकृत शिफारस मिळाली, परंतु ती करू शकणारे सर्जन पुरेसे नव्हते. म्हणून 2008 पासून, आधीच नोकरीत असलेल्या सर्जनसाठी, अनुभवी प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली शिकण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम राबवण्यात आला. आपल्याकडे तीन वर्षांच्या एम.एस.मध्ये निवासी डॉक्टर तासन्‌तास कॅमेरा धरतो, पण गुदाशयाची शस्त्रक्रिया प्रत्यक्ष हाताने करण्याची संधी त्याला क्वचितच मिळते. पुढे सरकारी सेवेच्या बंधपत्राच्या काळात तो जिल्ह्याच्या गावी एकटा पडतो, किंवा शहरात येऊन स्वतःच्या हिमतीवर शिकतो. त्याच्या मेहनतीविषयी मला आदर आहे. पण अशा शिकण्याची किंमत रुग्णाने का मोजावी?

नोंदणीचे महत्त्व नॉर्वेने दाखवले. गुदाशयाच्या कर्करोगाची राष्ट्रीय नोंद तिथे 1993 पासून ठेवली जाते. काही वर्षांपूर्वी गुदमार्गाकडून वेष्टन काढण्याची एक नवी पद्धत आली आणि जगभरातील परिषदांमध्ये तिचे कौतुक झाले. नॉर्वेत मात्र कर्करोग लवकर आणि एकाच वेळी अनेक ठिकाणी परत येत असल्याचे लक्षात आले आणि ती पद्धत देशभर थांबवण्यात आली. अशीच पद्धत उद्या महाराष्ट्रात आली आणि ती घातक ठरली, तर ते आपल्याला कळणार कुठून?

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून आज कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंत संरक्षण मिळते. या योजनेमुळे ज्यांना शस्त्रक्रिया परवडली, असे अनेक रुग्ण मी पाहिले आहेत आणि शासनाबद्दल त्यांची कृतज्ञता खरी आहे. योजना सार्वजनिक आरोग्य विभागाची, महाविद्यालये आपल्याकडे, त्यामुळे दोन्ही विभागांनी एकत्र बसल्याशिवाय हे काम होणार नाही. गुदाशयाच्या कर्करोगाचा दावा मंजूर करताना दोनच गोष्टींचा आग्रह धरावा: काढलेल्या भागाचे, चिरण्यापूर्वीचे, पुढून व मागून घेतलेले छायाचित्र, आणि कड, ग्रंथींची संख्या व वेष्टनाची स्थिती नमूद करणारा ठरावीक नमुन्यातला पॅथॉलॉजी अहवाल. छायाचित्राला मोबाइल पुरतो. त्यानंतर वर्षातून एकदा रुग्णाला फोन करून तो कसा आहे, स्टोमाची (शौचासाठी पोटावर केलेल्या मार्गाची) पिशवी अजून आहे की निघाली, एवढे विचारावे. गावोगावच्या रुग्णांचा माग ठेवणे आपल्याकडे शक्य नाही, असे कोणी म्हणेल, त्यांना बार्शीकडे बोट दाखवावेसे वाटते; तिथे 1987 पासून ग्रामीण भागातील कर्करोगाची नोंद चिकाटीने चालू आहे.

पुण्यात हे सुरू करणे सोपे आहे. ससून रुग्णालय आणि बी. जे. वैद्यकीय महाविद्यालय इथे आहे. पुणे, सातारा, सोलापूर, अहिल्यानगर या पट्ट्यातील रुग्ण इथेच येतात. गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी दुर्बिणीची ‘पुणे टेक्निक’ डॉ. शैलेश पुणतांबेकर यांनी 2007 मध्ये प्रसिद्ध केली ती याच शहरातून, त्यामुळे शिकवू शकणाऱ्या हातांची इथे वानवा नाही. शहरातील अनुभवी सर्जनना मानद प्रशिक्षक म्हणून नेमावे आणि त्यांनी ससूनच्या ऑपरेशन थिएटरमध्ये जाऊन तिथल्या सर्जनच्या शेजारी उभे राहावे. मोठे आतडे व गुदाशय यांच्यासाठी एक स्वतंत्र कोलोरेक्टल युनिट, दर आठवड्याला रेडिओलॉजिस्ट, पॅथॉलॉजिस्ट, रेडिएशन व केमोथेरपीतज्ज्ञ आणि सर्जन यांची प्रत्येक रुग्णावर एकत्र चर्चा, आणि नोंदी ठेवणारा एक पूर्णवेळ कर्मचारी, एवढ्यावर काम उभे राहील. या नोंदींतूनच आपल्या रुग्णांवरचे संशोधनही होईल. त्याची निकड आहे, कारण आपल्याकडे हा रोग पन्नाशीच्या आतल्या माणसांनाही गाठतो आणि शौचातून पडणारे रक्त मूळव्याधीचे समजून कित्येकांचे महिने वाया जातात; बोटाने तपासणीही होत नाही.

युनिटचा आराखडा, पॅथॉलॉजी अहवालाचा नमुना आणि पहिल्या तीन वर्षांचे प्रशिक्षणाचे वेळापत्रक मी तयार ठेवले आहे. आपण वेळ द्याल त्या दिवशी ते घेऊन मंत्रालयात येईन. मानद प्रशिक्षक म्हणून आठवड्यातला एक पूर्ण दिवस ससूनमध्ये विनामूल्य काम करण्याची तयारी मी या पत्राद्वारे लेखी देत आहे.

कळावे.

आपली नम्र,
पुण्यातील एक कोलोरेक्टल सर्जन