देव आपले नकोत, रीत आपली चालेल

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या वाचकपत्रांत एका सद्गृहस्थांचं पत्र होतं. हल्लीची मुलं फासे टाकून परदेशी देवांच्या भक्तांची सोंगं घेतात, त्याऐवजी त्या खेळात आपले मारुती, शंकर, देवी घाला, म्हणजे निदान संस्कार होतील, असा त्यांचा सूर. मी बँकेतून कॅशियर म्हणून निवृत्त झालो, वय त्रेसष्ट, आणि गेले सात महिने दर रविवारी हाच खेळ खेळतो. म्हणून लिहिण्याचं धाडस.

लालबागला चाळीत आमच्या दोन खोल्या. भाची कॉलेजात शिकते. तिच्या घरी परीक्षेवाला भाऊ असल्याने रविवारी तीन वाजता तिचं टोळकं आमच्याकडे जमतं. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा त्या खेळाचा मूळपुरुष, १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी काढलेला. एकजण गोष्ट चालवतो, त्याला डीएम म्हणतात. आमची डीएम भाचीच. बाकीचे एकेक पात्र होऊन बोलतात, आणि काम फत्ते झालं की फसलं ते वीस बाजूंचा फासा ठरवतो. एका रविवारी एक गडी आजारी पडला. भाची म्हणाली, “मामा, बसा ना तुम्ही. क्लेरिक व्हा.” क्लेरिक म्हणजे देवाच्या बळावर जखमा बऱ्या करणारा, लढणाराही. मी बसलो. तिने पुस्तक उघडून पुढे सरकवलं. “आता यातला एक देव निवडा.”

एका पानावर तीसहून जास्त नावं. लाथांडर, केलेमवोर, टायमोरा, अंबरली. समोर रकाने : वृत्ती, क्षेत्र, चिन्ह. चाळीस वर्षं मी लोकांकडून फॉर्म भरून घेतले, पण देवाचा फॉर्म पहिल्यांदाच पाहिला. (लाथांडर हा पहाटेचा देव. नावात लाथ असूनही बिचारा सात्त्विक निघाला.) मी भाचीला विचारलं, “तुला गणपतीची ओळख कोणी क्षेत्र आणि चिन्ह सांगून करून दिली होती का गं?” आमच्या चाळीतल्या पोराला आधी मोदक कळतो. मग कोणीतरी हातात झांजा देतं, आणि आरतीत चुकीच्या जागी वाजवल्या की टपली बसते. मंगलमूर्ती, विघ्नहर्ता वगैरे फार नंतर. नव्या खेळाडूला तीस नावांची यादी वाचायला लावली, तर तो यादी वाचतो आणि देव विसरतो.

आमचं गाव वेंगुर्ला तालुक्यात, आरवलीपासून जवळ. आरवलीच्या वेतोबाला केळ्यांचे घड वाहतात आणि चामड्याच्या भल्यामोठ्या चपला. रात्री वेतोबा गावाची राखण करत फिरतो, त्यात त्या झिजतात, अशी श्रद्धा. लहानपणी आजोबांनी मला तिथे नेलं तेव्हा वेतोबा कोण, त्याने काय केलं, यातलं काहीही सांगितलं नव्हतं. नुसती चप्पल उलटी करून दाखवली. टाच एका बाजूने खाल्लेली होती. त्या रात्री मी अंथरुणात बराच वेळ कान देऊन पडलो होतो.

हे मी भाचीला सांगितलं. पोरगी हुशार. पुढच्या रविवारी तिने यादी मिटून ठेवली. आमची पात्रं काळोखात एका गावाच्या वेशीवर पोचली. तिथे दगडावर हातभर लांब दोन पायताणं, झिजलेली, आणि शेजारी नवा कोरा जोड. बस्स, एवढंच. तासभर देवाचं नाव कोणी विचारलं नाही. विचारत होते ते असं, की झिजली कशाने? नवा जोड कोणी ठेवला? घेतला तर काय होईल? एकाने घेतलाच. त्याचं पुढे काय झालं ते इथे सांगत नाही, जागा पुरायची नाही.

तर मी त्या पायताणवाल्या देवाचा भक्त झालो. नदी ओलांडण्याआधी आशीर्वाद मागायची वेळ आली, तेव्हा भाची म्हणाली, “फासा टाका.” म्हटलं थांब, असा कोरडा फासा टाकायचा नाही. उभा राहिलो आणि गावकरी घालतो तसं गाऱ्हाणं घातलं : “बा देवा म्हाराजाऽ! ही चार लेकरां आज नदीपलीकडे चललीत, तेंची वाट राख रे म्हाराजा!” मुलांना शिकवलं, प्रत्येक ओळीला “होय म्हाराजा” म्हणायचं. पहिल्या ओळीला दोघं हसले. तिसऱ्या ओळीला गॅलरीतून शेजारच्या तळाशीलकरीण वहिनींचाही “होय म्हाराजा” आला. मग फासा टाकला. पडले तीन.

पुस्तकाप्रमाणे विषय संपला, प्रार्थना वाया. पण कोकणात देवाने डावा कौल दिला म्हणून कोणी घरी जातं का? काय चुकलं ते विचारतात, काही कबूल करतात, पुन्हा कौल लावतात. भाचीने हीच रीत उचलली. देवाने नाही म्हटलं नाही, काहीतरी मागितलं. मी नवा जोड कबूल केला आणि आम्ही कमरेएवढ्या पाण्यातून पार झालो.

अंबरलीचं तसंच. ही समुद्राची देवी, पुस्तकात दुष्ट म्हणून नोंदलेली, आणि खलाशी तिला भीतीपोटी नैवेद्य देतात. एका नव्या मुलाला कळेना की दुष्ट देवीला कोण कशाला भजेल. वरळी कोळीवाड्याची मुलगी आमच्यात आहे, तिला एवढं साधं कळत नाही याचंच आश्चर्य वाटलं. “भजायचं काय त्यात? दर्याला कोण वाईट म्हणतं? पुनवेला नारळ द्यायचा, मग होड्या लोटायच्या. तुझा बाप रात्री पाण्यात असला की कळेल.” भाचीने वृत्तीचा रकाना त्याच दिवशी खोडला.

आता पत्रलेखकांच्या सूचनेकडे येतो. आपले देव खेळात घालायचा प्रयोग नवा नाही. याच खेळाच्या १९७६ आणि १९८० च्या देवांवरच्या पुस्तकांत ग्रीक देवांच्या रांगेत आपलेही देव बसवले होते. १९८०च्या पुस्तकात इंद्र, अग्नी, वरुण, काली आहेत, आणि प्रत्येकापुढे ‘हिट पॉइंट’, म्हणजे किती मार खाल्ल्यावर संपेल त्याचा आकडा. हे संस्कार का? टेबलावर मारुतीराया आहेत आणि कोणाचा फासा एक पडला, तर डीएमने काय बोलावं? आमच्याकडे एकदा एका पोराने गमतीत एका खऱ्या संतांचं नाव घेऊन त्यांच्या तोंडी संवाद घातला. सौ.ने आतून येऊन चहाचं टोप गॅसवरून उतरवलं. त्या दिवशी कोणालाच चहा मिळाला नाही, आणि मला ते बरोबरच वाटलं.

शिवाय टेबलावर सगळे एका घरचे नसतात. मदनपुऱ्याहून येणाऱ्या मुलाने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, माझं पात्र कुठल्या मूर्तीपुढे हात जोडणार नाही. भाची म्हणाली, ठीक. त्याचा चोर आता देवळाबाहेर पहारा देतो, आणि दोनदा आम्ही त्याच्यामुळेच वाचलो. कोणाला काय चालणार नाही, हे डीएमने खेळ सुरू व्हायच्या आधी विचारून घ्यावं. फासे पडू लागल्यावर विचारलं की भांडण ठरलेलं.

घाई न करण्याचं शहाणपण नियम करणाऱ्यांनाही सुचलेलं दिसतं. २०१४च्या पुस्तकात क्लेरिकला पहिल्याच पातळीवर, म्हणजे खेळ सुरू करतानाच, देवाचं क्षेत्र ठरवावं लागे. जीवन, प्रकाश, वादळ, युद्ध वगैरे सात होती. २०२४च्या पुस्तकाने ही निवड तिसऱ्या पातळीवर नेली. आमच्याकडे जुनंच पुस्तक आहे, पण भाची नव्यांना तोवर सूट देते.

पत्रलेखक गृहस्थांनी एखाद्या रविवारी जरूर यावं, एक पात्र रिकामं आहे. माझा नवस मात्र अजून फिटलेला नाही. पायताण शिवणारा कारागीर गेल्या खेपेला डाकूंनी पळवला. त्यामुळे येत्या रविवारी साडूकडच्या साखरपुड्याला सौ.ने एकटीनेच जायचं ठरलंय.

आपला,
एक निवृत्त कॅशियर,
लालबाग, मुंबई