गाडीची रक्कम आणि कार्डाचे पॉइंट

कोल्हापूर

चि. सोनूस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालीस की गाडीसाठी स्वतःचे जे तीन-साडेतीन लाख भरायचे आहेत, त्यांतले तीन लाख क्रेडिट कार्डावरून द्यावेत, म्हणजे भरपूर पॉइंट जमतील आणि पुढच्या वर्षीच्या विमानाच्या तिकिटाची सोय होईल. त्या वेळी बाबा शेजारी बसले होते आणि त्यांचा कर्जाच्या हप्त्यांचा विषय चालू होता, म्हणून मी काही बोलले नाही. पण मी इतकी वर्षे मोटारींच्या शोरूमच्या हिशेब विभागात काढली आहेत आणि कार्ड घासल्यावर काउंटरच्या आतल्या बाजूला काय घडते हे मला ठाऊक आहे, तेव्हा पैसे भरण्यापूर्वी ते तुला सविस्तर कळवावे असे वाटले. कार्ड वापरूच नकोस असे मी म्हणणार नाही. कोणत्या रकमेसाठी वापरायचे आणि कोणत्या रकमेसाठी नाही, एवढेच ठरवायचे आहे.

तू शोरूमच्या यंत्रावर कार्डाने एक लाख भरलेस, तर शोरूमच्या खात्यात एक लाख जमा होत नाहीत. मधली बँक आणि कार्डाचे जाळे चालवणारी कंपनी आपला वाटा कापून घेतात, ज्याला हिशेबाच्या भाषेत एमडीआर म्हणतात. क्रेडिट कार्डावर हा वाटा साधारण दीड ते दोन टक्क्यांच्या घरात असतो आणि त्यावर अठरा टक्के जीएसटी वेगळा लागतो. तुझे पॉइंटही याच कापलेल्या पैशांतून येतात. किराणा दुकानदार किंवा कपड्यांचा व्यापारी हा खर्च आपल्या नफ्यातून सोसतो, कारण त्याचा नफाच तेवढा असतो. मोटारविक्रेत्याला मात्र नव्या गाडीवर मिळणारे कमिशन इतके बेताचे असते की दोन टक्के गेले तर त्या गाडीत त्याला फारसे काही उरत नाही. म्हणून तो एकतर कार्डावर भरणाऱ्या गिऱ्हाइकाकडून दोन टक्के वेगळे मागतो, नाहीतर तेवढी सवलत गुपचूप कमी करतो. दुसरा प्रकार गिऱ्हाइकाच्या लक्षातही येत नाही, आणि माझ्या मते तोच अधिक महागात पडतो.

आता तुझ्या कार्डाचा हिशेब करू. तू सांगितलेस त्याप्रमाणे शंभर रुपयांच्या खर्चाला दोन पॉइंट मिळतात आणि वटवताना एका पॉइंटचे पंचवीस पैसे धरले जातात, म्हणजे परतावा झाला अर्धा टक्का. तीन लाखांवर सहा हजार पॉइंट जमतील. आकडा डोळ्यांत भरणारा आहे, पण त्याचे पैसे होतात 1,500. त्याच तीन लाखांवर शोरूमने दोन टक्के मागितले तर 6,000 रुपये, आणि त्यावरचा जीएसटी 1,080, म्हणजे एकूण 7,080 रुपये तुला द्यावे लागतील. एक टक्का परतावा देणारे कार्ड असते तरी 3,000 च मिळाले असते. शिवाय बऱ्याच कार्डांवर पॉइंट वटवायलाही शुल्क पडते, ते मी यात धरलेलेच नाही.

तू म्हणशील, पॉइंट बाजूला ठेवले तरी पैसे दीड महिना उशिरा द्यायचे, त्याचा फायदा आहेच की. आहे, पण किती ते बघ. तीन लाख रुपये बचत खात्यात पंचेचाळीस दिवस अडीच टक्क्यांनी पडून राहिले तर व्याज नऊशे-साडेनऊशेच्या आसपास होते. तेवढ्याने शोरूमचा अधिभार भरून निघत नाही.

तरीही कार्डाचा उपयोग करण्याची एक चांगली वाट तुझ्यासमोर आहे, आणि ती तू स्वतःच अर्धवट सांगितलीस. वर्षभरात तीन लाखांचा खर्च पूर्ण केला तर तुझी बँक 2,000 रुपयांचे व्हाउचर देते आणि 1,000 रुपयांचे वार्षिक शुल्क माफ करते. जीएसटीसह ते 1,180 होते. तुझा यंदाचा खर्च 2,10,000 पर्यंत आलेला आहे, म्हणजे पल्ला गाठायला फक्त 90,000 हवेत, तीन लाख नव्हेत. आणि हे 90,000 गाडीच्या व्यवहारातल्या अशा भागांतून काढता येतात जिथे कोणी वरचे दोन टक्के मागत नाही.

पहिला भाग बुकिंगचा. गाडी तयार करणाऱ्या बहुतेक कंपन्या आपल्या संकेतस्थळावरूनच बुकिंग घेतात, तिथे कार्ड चालते, आणि ती रक्कम पुढे गाडीच्या किमतीतून वजा होते. तुझ्या गाडीचे बुकिंग 21,000 चे आहे. ते कार्डावर करण्याचा आणखी एक लाभ असा की उद्या काही कारणाने बुकिंग रद्द झाले आणि पैसे परत यायला टाळाटाळ झाली, तर बँकेकडे त्या व्यवहाराविषयी तक्रार नोंदवता येते. रोखीने किंवा ट्रान्सफरने दिलेल्या पैशांसाठी अशी सोय नसते. परतावा मिळाला तर पॉइंटही परत जातात, हे मात्र ध्यानात ठेव.

दुसरा आणि सर्वांत चांगला भाग विम्याचा. शोरूम जो विमा कोटेशनमध्ये घालून देते तोच घेतला पाहिजे असे कोणतेही बंधन नाही. नव्या मोटारीला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर 1 सप्टेंबर 2018 पासून सक्तीचा झाला आहे, म्हणजे आपल्या गाडीने दुसऱ्याचे नुकसान झाले तर त्याचा; परंतु स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा वर्षावर्षाने घेता येतो आणि दोन्ही कोणत्याही कंपनीकडून घेता येतात. दोन-तीन विमा कंपन्यांच्या संकेतस्थळांवर गाडीच्या त्याच घोषित मूल्यावर (गाडी पूर्ण गेली तर विमा कंपनी जास्तीत जास्त देते ती रक्कम) आणि त्याच जोडसंरक्षणांसह (ज्यांना ॲड-ऑन म्हणतात) किंमत काढून बघ; शोरूमच्या आकड्यापेक्षा ती कमी आली तर त्यांना दाखव, पुष्कळदा ते तिथल्या तिथे उतरतात. मी आमच्या काउंटरवर हे कितीदा तरी पाहिले आहे, आणि उतरलेला आकडा नेहमीच पॉइंटांच्या किमतीहून मोठा असे. तुझा विम्याचा हप्ता 35,000 च्या आसपास धरला आहे. तो विमा कंपनीच्या संकेतस्थळावर कार्डाने भरताना सहसा अधिभार पडत नाही. काही कार्डांवर विम्याच्या खर्चाला पॉइंट मिळण्याची महिन्याची मर्यादा असते, पण तोच खर्च वार्षिक पल्ल्यात धरला जातो की नाही हे अटींमध्ये वेगळे लिहिलेले असते. तेवढे वाक्य शोधून वाच.

तिसरा भाग सीट कव्हर, मॅट, रिव्हर्स कॅमेरा वगैरे सामानाचा. शोरूमच्या सामानावर नफा चांगला असतो, म्हणून तिथे कार्डाला कोणी नाक मुरडत नाही. सामान मात्र बाहेरच्या दुकानाशी भाव ताडून घे. ते 20,000 चे झाले, तर तिन्ही मिळून 76,000 होतात, आणि उरलेले 14,000 तुझ्या नेहमीच्या किराणा-पेट्रोलमधून महिन्याभरात सहज होतील. फक्त पेट्रोलचा खर्च काही बँका पल्ल्यात धरत नाहीत, तेव्हा तोही एक प्रश्न विचारून ठेव. अशा रीतीने 90,000 वर साडेचारशे रुपयांचे पॉइंट, दोन हजारांचे व्हाउचर आणि 1,180 चे वाचलेले शुल्क, असे 3,630 रुपये पदरात पडतात आणि त्यासाठी खिशातून वेगळे काही जात नाही.

राहिलेली मोठी रक्कम आरटीजीएसने, म्हणजे थेट बँक खात्यातून खात्यात, दे. दोन लाखांपासून पुढच्या रकमेसाठी ती सोय आहे आणि डिसेंबर 2020 पासून ती चोवीस तास चालते, त्यामुळे सुट्टी आडवी येत नाही. डेबिट कार्डाचाही पर्याय आहे. मोठ्या व्यापाऱ्यांच्या बाबतीत डेबिट कार्डाच्या एका व्यवहारावरील एमडीआरला रिझर्व्ह बँकेने 2018 पासून हजार रुपयांची कमाल मर्यादा घातलेली आहे. तुला कधी प्रश्न पडला असेल की कॅशियर डेबिट कार्ड हसत घेतो आणि क्रेडिट कार्ड पाहिले की मॅनेजरला का बोलावतो, तर त्याचे कारण हे आहे. रोख मात्र नेऊ नकोस. एका व्यवहारात दोन लाख किंवा त्याहून अधिक रोख स्वीकारायला प्राप्तिकर कायद्याने मनाई आहे, आणि एवढे पैसे पिशवीत घालून पुण्याच्या रस्त्यावरून जाण्याची कल्पनाच मला सहन होत नाही.

आता कर्जाचा मुद्दा, कारण बाबांची काळजी त्याची आहे आणि ती रास्त आहे. तुझे सहा लाखांचे कर्ज मंजूर होऊन रक्कम शोरूमला जमा होईपर्यंत कार्डावर मोठा खर्च टाकू नकोस. तुझ्या कार्डाची मर्यादा तीन लाख आहे. तीनही लाख घासले तर सिबिलसारख्या पतमाहिती कंपनीच्या नोंदीत तू मर्यादा पूर्ण वापरलेली दिसशील, आणि कर्ज देणारा अधिकारी त्यावरून समजतो की अर्जदाराचा हात आखडला आहे. पूर्वी महिन्यातून एकदा जाणारी ही माहिती 2025 पासून बँका निदान पंधरवड्याला पाठवू लागल्या आहेत, त्यामुळे आज केलेला खर्च अर्जाच्या वेळी दिसणार नाही असे गृहीत धरता येत नाही. मर्यादेच्या तीस टक्क्यांच्या आत राहावे असा सर्वसाधारण संकेत आहे. 76,000 म्हणजे जवळजवळ पंचवीस टक्के, तेव्हा तिथेही आपली योजना बसते.

आणि ज्या अटीवर हे सगळे उभे आहे ती अशी, की कार्डावर जेवढे घासशील तेवढे पैसे त्या दिवशी तुझ्या खात्यात आधीच असले पाहिजेत, आणि बिल आल्यावर ते पूर्ण भरले गेले पाहिजे. बिलावर मोठ्या अक्षरांत छापलेली किमान देय रक्कम भरून भागते असे पुष्कळांना वाटते. भागत नाही. अनेक कार्डांवर व्याज महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास असते, म्हणजे वर्षाला बेचाळीस. तीन लाख थकले तर एका महिन्याचे व्याज 10,500 आणि त्यावरचा जीएसटी 1,890, असे 12,390 रुपये होतात. हे व्याज बिलाच्या तारखेपासून नव्हे, खर्च केला त्या दिवसापासून मोजतात, आणि थकबाकी असेपर्यंत नव्या खरेदीलाही बिनव्याजी मुदत मिळत नाही. वाहनकर्जाचा दर याच्या चौथाईच्या जवळपास असतो. म्हणून पैसे कमी पडत असतील तर कर्ज वीस-पंचवीस हजारांनी वाढवून घे, ते मला चालेल. कार्डावर ढकलू नकोस. शोरूममध्ये तुला कार्डाचे हप्ते पाडून देण्याची तयारीही दाखवतील. त्यात प्रक्रिया शुल्क असते, व्याजावर जीएसटी असतो आणि हप्त्यांत वळवलेल्या व्यवहाराचे पॉइंट अनेक बँका देत नाहीत, म्हणजे ज्यासाठी कार्ड काढले तेच निसटते.

दोन व्यावहारिक गोष्टी सांगायच्या राहिल्या. बिनव्याजी मुदत पुरती मिळवायची असेल तर बिल निघाल्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी खर्च कर. तुझे बिल अडनिड्या तारखेला निघत असेल तर ती तारीख बदलून मागण्याचा हक्क रिझर्व्ह बँकेच्या नियमांनी कार्डधारकाला दिलेला आहे. आणि गाडी दसऱ्याला घ्यायची म्हणतेस, तर पैसे आदल्या आठवड्यातच भरून मोकळी हो. दसऱ्याच्या आणि पाडव्याच्या सकाळी आमच्याकडे हार-पेढे घेऊन आलेली माणसे मुहूर्त टळत असताना यंत्राकडे बघत उभी असत, कारण एरवी दोन-चार हजार खर्च होणाऱ्या कार्डावर एकदम मोठी रक्कम आली की बँक संशयाने व्यवहार अडवते, किंवा ॲपमध्ये कधीतरी घातलेली मर्यादा आड येते. ती मर्यादा आधीच तपासून ठेव.

शोरूमच्या कोटेशनवर कार्डाचा अधिभार लिहिलेला नसतो, तो ऐन वेळी तोंडी सांगतात. म्हणून आधी अंतिम किंमत आणि सवलत लेखी घे, आणि त्यानंतरच कशी रक्कम भरणार ते सांग. पावती शोरूमच्याच नावाची आहे ना हेही पाहा; कोणी दुसऱ्याच दुकानाच्या यंत्रावर कमी टक्क्यांत घासून देतो म्हणाला तर सरळ नाही म्हण, कारण अशा व्यवहारात उद्या तक्रार करायला तुझ्या हातात कागद राहत नाही.

कोटेशनचा फोटो आणि कार्डाच्या पॉइंटांच्या अटींचे पान मला रविवारपर्यंत पाठव. हाताळणी शुल्क नावाची एखादी ओळ त्यात नक्की असेल, ती कशी काढून घ्यायची हे मी फोनवर सांगते. बाबांनी त्यांचे पन्नास हजार तुझ्या खात्यात सोमवारी पाठवायचे ठरवले आहे. ते नको म्हणू नकोस.

तुझी,
आई