पाचटाचं वजन एकदा आमच्यासमोर करा

संपादक साहेब, नमस्कार.

तुमच्या पेपरात हंगाम आला की एकरी शंभर टनाच्या बातम्या येतात, फोटोत शेतकरी उसाच्या मोळीशेजारी उभा असतो, गळ्यात हार, बाजूला खत कंपनीचा माणूस. वाचायला बरं वाटतं, खोटं का बोला. राज्याची सरासरी मात्र हेक्टरी 80-90 टनाच्या आसपास फिरत असते, म्हणजे एकरी 32 ते 36. त्यामुळं शंभर टनवाला कौतुकाचाच, पण मला विचारायचंय ते पुढचं. तो ऊस तुटला कसा, काट्यावर किती भरला आणि पावतीवर किती उतरला? पीक वाढवायच्या सल्ल्यावर पानंच्या पानं छापून येतात पण वाढलेलं पीक फडातून काट्यापर्यंत जाताना कुठं गळतं ते कोणी लिहित नाही, म्हणून म्हणलं आपणच लिहावं, खास करून मशीननं तोडलेल्या उसात पाचटाच्या, म्हणजे सुक्या पाल्याच्या, नावानं कारखाना जे सरसकट वजन कापतो त्याबद्दल.

माझी माळशिरस तालुक्यात अडीच एकर लागण होती, 86032. हे वाण मूळ कोइमतूरचं, राहुरी कृषी विद्यापीठाच्या पाडेगावच्या ऊस संशोधन केंद्रानं 1996 ला आपल्याकडं आणलं आणि आमच्या भागात आजही निम्म्याहून जास्त फड त्याचेच दिसतील. सरी साडेचार फुटी, कारण कारखान्याच्या शेतकी ऑफिसनं नोंद घेतानाच सांगितलं होतं की आता तोडणी मजुरांच्या टोळ्या कमी, मशीनच येणार, सरी रुंद ठेवा. टोळीची वाट बघून मागच्या साली तुरा आला होता, वजन बसलं होतं, वर टोळीच्या मुकादमाला खुशाली, म्हणजे वरचे पैसे, दिले ते वेगळेच. टोळीला दोष देत नाही हं. बीडकडून बायकापोरं घेऊन येऊन पहाटे थंडीत कोयता चालवायचा हे आपल्याच्यानं एक दिवस होणार नाही, जानेवारी 2024 मध्ये तोडणीच्या दरात 34 टक्के वाढ झाली ती व्हायलाच पाहिजे होती. पण माणसं कमी होत चाललीत आणि मशीन येणारच आहे, हे मान्य करूनच पुढं बोलतो.

तर मशीन आलं, दीड दिवसात अडीच एकर साफ. पाचट कुट्टी होऊन रानातच पडलं, खोडव्याला, म्हणजे बुडातून पुन्हा फुटणाऱ्या पिकाला, आच्छादन झालं, हा फायदा मोठा आहे, कोणी काही म्हणो. सगळं मिळून वजन भरलं 130 टन. पहिल्या खेपांची पावती आली तर त्यात साडेचार टक्के पाचट वजावट, म्हणजे एकूण वजनावर 5 टन 850 किलो गायब. टनाला हातात 2800 पडले, त्या हिशोबानं 16,380 रुपये. एफआरपी, म्हणजे केंद्रानं ठरवलेला उसाचा किमान दर, 2025-26 ला सव्वादहा टक्के साखर उताऱ्याला टनाला 3550 होता खरा, पण तोडणी वाहतूक त्यातूनच जाते त्यामुळं हातात काय राहतं ते ज्याचं त्याला माहीत. चिटबॉयला, म्हणजे कारखान्याच्या नोंदी ठेवणाऱ्या पोराला, विचारलं अरे हे साडेचार टक्के मोजले कुठं, तो म्हणला काका सगळ्यांचंच कापतात, तुमचं एकट्याचं नाही. झालं उत्तर.

मला गप बसवेना. दुसऱ्या दिवशी राहिलेल्या खेपा भरत होत्या, ड्रायव्हरला चहा पाजला आणि मशीनशेजारी चालणाऱ्या इनफिल्डर गाडीतून ट्रॉलीत पडताना मधल्या थरातल्या कांड्या पोत्यात भरून घेतल्या. घरच्या काट्यावर बरोबर 40 किलो. अंगणात ताडपत्री अंथरली, मी आणि मंडळी दोघं बसलो, एकेक कांडी पुसून बाजूला. सुकलेलं पाचट, हिरवं वाढं म्हणजे शेंड्याचा पाला, पोंग्याचे तुकडे, थोडी मातीची ढेकळं, सगळं वेगळं केलं. अडीच तास गेले, मंडळी म्हणली आता तांदूळ निवडायचे राहिलेत तेवढे आणू का. वजन केलं तर कचरा 1 किलो 200 ग्रॅम. म्हणजे तीन टक्के. तीन टक्क्यानं 3 टन 900 किलो गेले असते, ते मी हसत दिले असते. वरचे 1 टन 950 किलो, 5,460 रुपये, ते कशाचे?

आता इथं थांबलो असतो तर पत्र लिहायला लई सोपं गेलं असतं. पण शेजारच्या तात्यांचा 265 होता, पाडेगावचंच 2007 चं वाण, टनेजला दांडगं, चोपण जमिनीला चालतं, पण सप्टेंबरच्या वाऱ्यात त्यांचा फड सगळा आडवा झालेला. तात्या म्हणले माझं पण कर. तसंच 40 किलो घेतलं. 2 किलो 800 निघालं, सात टक्के, आणि मातीच निम्मी. पडलेला ऊस मशीन उचलतं तेव्हा मुळापासून ओढतं, शेंडा कापणारं पातं वर हवेतच फिरतं, वाढं सगळं आत. तात्यांचं तोंड बघण्यासारखं झालं, म्हणले हे आता कारखान्यात सांगत बसू नको. म्हणजे सरसकट साडेचार टक्क्यात मी तात्यांचं पाचट भरतोय! ज्यानं पाचट काढलं, बांधणी नीट केली, ऊस पडू दिला नाही, त्याला दंड आणि ज्याचा फड लोळला त्याला सूट, अशी ही वजावट आहे.

आणि अजून एक. मशीन गेल्यावर एका गुंठ्यात सांडलेल्या कांड्या आणि जमिनीच्या वर राहिलेले बुडखे, म्हणजे उसाची बुडं, छाटून गोळा केले तर 18 किलो भरले. एका गुंठ्यावरून एकराचं बोलू नये हे कळतं मला, तरी 40 गुंठ्याला 720 किलो होतात आणि साखर तर बुडख्यातच जास्त असते. ड्रायव्हर बिचारा काय करणार, पातं खाली घेतलं की दगड लागतो, पात्याचे पैसे मालक त्याच्याकडून घेतो.

हे सगळं कोणी मोजायचं? पाडेगावचं केंद्र 1932 पासून आहे, मांजरीला वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट 1975 पासून. माणसं हुशार आहेत, मी दोन्हीकडं शिवारफेरीला गेलोय, प्लॉट बघून डोळे निवतात. पण माहितीपत्रकात टनेज, उतारा, खोडव्याची फूट, रोगाला किती तग धरतं हे असतं, आणि हे वाण मशीननं तोडलं तर पाचट किती येतं, बुडखा किती राहतो, टायर फिरलेल्या सरीत खोडवा कसा फुटतो हा रकाना निदान माझ्या हातात पडलेल्या पत्रकात तरी नव्हता. 86032 आलं तेव्हा मशीनचा विषयच नव्हता, ते समजू शकतो. आता आहे ना पण. बारामतीला एआयवर ऊस लावतायत, उपग्रहावरून पाणी सांगतात म्हणे, चांगलंच आहे, मग काट्यावर पाचट सांगायला काय उपग्रह लागतो का, ताडपत्री लागते आणि दोन माणसं.

पैशाचं पण यातच येतं. मशीन घ्यायचं म्हणजे एक कोटीच्या वर, त्याला सरकारनं 40 टक्के किंवा 35 लाख यातलं कमी असेल ते अनुदान आणलं, 900 मशीनचं टार्गेट होतं. बाकीचं बँकेचं कर्ज. हप्ता बसला की मालक एकच बघतो, दिवसाला टन किती. मग तो दहा एकराचा सलग फड आधी धरतो आणि ज्याचा एक एकर मध्ये बांध, कडेला लिंबाचं झाड, वळायला जागा नाही, तिथं मशीन येतच नाही किंवा आलं तर ड्रायव्हर एन्ट्री, म्हणजे वरचे पैसे, मागतो. मशीनवाल्याला पण शिव्या देऊन उपयोग नाही, हप्ता त्याच्या डोक्यावर आहे, मार्च-एप्रिलात हंगाम संपून कारखान्याचा पट्टा पडला की त्याचं मशीन बसून.

आम्हाला काय मिळतं तर सोसायटीचं पीककर्ज, तीन लाखापर्यंत वेळेत भरलं तर व्याज शून्य, ही सोय खरोखर चांगली आहे. पण ते खत, बेणं, मशागतीला. तीन फुटीची सरी मोडून पाच फुटी करायची, ठिबकच्या नळ्या हलवायच्या, दोन भावांचा मधला बांध काढून मशीनला लांबी द्यायची, याला सोसायटीत गेलो तर सचिव म्हणतो असा फॉर्मच नाही. म्हणजे मशीनला 35 लाख आणि ज्या रानात मशीन चालायचं त्या रानाला काही नाही. भावाभावात बांध काढायला तर पैशापेक्षा वेगळंच काहीतरी लागतं, ते सोडा.

कारखान्याची बाजू मला माहीत आहे. पाचट उसाबरोबर गाळायला गव्हाणीत गेलं की रस कमी निघतो, माती आली की यंत्र झिजतं, हे खरंय. पण जे पाचट बगॅसबरोबर, म्हणजे उसाच्या चोथ्याबरोबर, बॉयलरला जातं ते जळून वीज होतेच की, त्याचा पैसा माझ्या पावतीवर कधी दिसला नाही. शिवाय मशीनच्या तुकड्याचा ऊस चोवीस तासात गाळला पाहिजे असं हेच लोक मीटिंगला सांगतात आणि माझी शेवटची ट्रॉली काट्याच्या अलीकडं दीड दिवस रांगेत उभी होती. ऊन खाऊन जे वजन उडालं ते पण माझंच.

माझं मागणं एवढंच आहे की दहा ट्रॉल्यांमागं एका ट्रॉलीतून, कुठली ती शेतकऱ्यानं सांगायची, शंभर किलो नमुना शेतकऱ्यासमोर निवडावा आणि जे निघेल ते त्या फडाला लावावं, सात निघालं तर सात कापा, तात्यांना मी समजावतो. विद्यापीठानं किंवा मांजरीच्या संस्थेनं एक हंगाम माणूस उभा करावा, वाणवार, सरीवार आकडे जाहीर करावेत आणि ते तुमच्या पेपरात शंभर टनवाल्याच्या फोटोशेजारी छापावेत.

माझा खोडवा पुढच्या हंगामात जानेवारीत तुटेल. ताडपत्री माझ्याकडं आहे, चहापण मिळेल, कोणी यायचं ते ठरवून कळवा.

आपला,
एक ऊस उत्पादक सभासद,
ता. माळशिरस, जि. सोलापूर