कमांडरसाहेबांना, वीरगळाच्या ओट्यावरून

आदरणीय कमांडरसाहेब,

सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात पंचांनी आमच्या गावचा वीरगळ, म्हणजे लढताना पडलेल्या वीराच्या स्मरणाचा कोरीव दगड, अखेर ओट्यावर उभा केला. वर पत्र्याची सावली केली आहे आणि शेजारी दोन फलक लावले आहेत, एक मराठीत आणि एक कन्नडमध्ये. दोन्हींवर आपण लिहून दिलेला मजकूरच आहे. त्यात एकही शब्द वाढवू दिला नाही. आपण आता प्रकृतीमुळे पुण्याला लेकीकडे असता आणि खानापूरपर्यंतचा प्रवास आपल्याला झेपत नाही, हे ठाऊक असल्यामुळे हा समारंभ आपल्याविना करावा लागला. आपले आभार मनात होतेच, पण ते चारचौघांसमोर मांडावेत असे वाटले, कारण आपण केलेली मदत माझ्या एकट्यासाठी नव्हती.

आपली पहिली भेट आठवते. मी गावच्या यात्रेच्या स्मरणिकेत एक लेख लिहिला होता. तळ्याच्या बांधावर पडलेला तो दगड भीमगडाच्या लढाईत पडलेल्या एका मावळ्याचा आहे, असे मी त्यात ठासून सांगितले होते. लहानपणापासून ऐकत आलो होतो, तेच लिहिले. पंधरा दिवसांनी आपण बेळगावहून बसने आलात, शाळेच्या व्हरांड्यात बसून पाणी प्यालात आणि एवढेच विचारलेत, "गुरुजी, हे आपण कशावरून लिहिलेत?" त्या प्रश्नात दोष देण्याचा सूर नव्हता. मला उत्तर देता आले नाही, तेव्हा आपण म्हणालात, "मग चला, दगडालाच विचारू."

आमच्या भागातील मुलांना फौज नवी नाही. बेळगावात मराठा सेंटर आहे, सांबऱ्याला हवाई दलाचे प्रशिक्षण केंद्र आहे, आणि घराघरात भिंतीवर एखादा तरी गणवेशातला फोटो असतो. समुद्र मात्र घाटाखाली. नौदलात जाणारा विरळाच. आपण गेलात, आणि त्यातही सर्वेक्षण शाखेत गेलात. समुद्राचा तळ मोजून जहाजांसाठी नकाशे तयार करण्यात आपली उमेदीची वर्षे गेली. मुंबईत बदली असताना बोरिवलीजवळच्या एकसरचे वीरगळ आपण पाहिलेत, त्यांवर कोरलेली वल्ह्यांची जहाजे पाहून रजेचे दिवस तिथेच घालवलेत, आणि निवृत्तीनंतर काय करायचे हे तिथेच ठरले, असे आपण एकदा सांगितले होते. निवृत्त झाल्यावर आपण गावी परतलात ते विश्रांतीसाठी नव्हे. साठीच्या उंबरठ्यावर नातवंडांच्या वयाच्या विद्यार्थ्यांशेजारी बसून आपण हळेगन्नड, म्हणजे जुने कन्नड, शिकलात. आपल्या कारकिर्दीतील मला सर्वांत मोठी वाटणारी गोष्ट हीच आहे.

ठसा घेण्याचा तो दिवस मी विसरणार नाही. दगडावर शेंदराचे आणि तेलाचे थर चढलेले होते. खरवडायला मी खुरपे आणले, तर आपण ते हातातून काढून घेतलेत आणि साधे पाणी व नरम ब्रश घेऊन सकाळपासून दुपारपर्यंत बसून राहिलात. मग भिजवलेला कागद दगडावर अंथरला, ब्रशने हलके ठोकत तो अक्षरांच्या खाचांत बसवला, आणि कागद किंचित ओला असतानाच शाईचा बोळा वरून टिपत नेला. खोल गेलेला भाग पांढरा राहिला, बाकीचे काळे झाले. जिथे आम्हाला नुसत्या खरचटल्यासारख्या रेषा दिसत होत्या, तिथे तीन ओळी उमटल्या. धुणे घेऊन आलेल्या बायका धुणे तसेच ठेवून पाहत राहिल्या.

त्या ओळी जुन्या कन्नडमधील निघाल्या. खालच्या चौकटीत गुरे आणि लढणारा माणूस, मधल्या चौकटीत त्याला वर नेणाऱ्या अप्सरा, वर शिवलिंगाची पूजा आणि चंद्र-सूर्य. 'तुरुगोळ' हा शब्द आपण बोटाने दाखवलात. त्याचा अर्थ गुरे पळवून नेण्यासाठी घातलेला हल्ला. वीराचे नाव झिजलेले होते. अक्षरांच्या वळणावरून दगड बाराव्या-तेराव्या शतकातील असावा, म्हणजे शिवकाळाच्या चार-पाचशे वर्षे आधीचा, असे आपण सांगितलेत. मावळा गेला, आणि त्याच्या जागी गावची गुरे सोडवताना मेलेला एक माणूस आला.

मी खरे सांगतो, त्या क्षणी मला वाईट वाटले. सीमाभागातील मराठी शाळेत शिकवणाऱ्या माणसाला त्या दगडावर मराठी नाव हवे होते. 1956 च्या राज्य पुनर्रचनेपासून इथल्या प्रत्येक पाटीला, प्रत्येक उताऱ्याला भाषेचा प्रश्न चिकटलेला आहे आणि तो आमच्यासाठी जिव्हाळ्याचा आहे. आपणही तो कधी हलका मानला नाहीत. पण आपण मला विचारलेत की 'वीरगळ' हा शब्द कुठून आला. वीर आणि कल्लु. कल्लु म्हणजे कन्नडमध्ये दगड. मग श्रवणबेळगोळच्या गोमटेश्वराच्या पायाशी कन्नड लेखाच्या सोबतीने कोरलेला 'श्रीचावुण्डराजें करवियलें' हा मराठी लेख आपण वहीत लिहून दाखवलात. "गुरुजी, दगडाने जी भाषा सांगितली ती लिहायची. आपली मराठी त्याने कमी होत नाही," हे आपले वाक्य मी तेव्हापासून वर्गात वारंवार सांगत आलो आहे.

आपली पद्धत नौदलातून आली होती, हे मला हळूहळू कळत गेले. समुद्राची खोली किती हे सांगण्याआधी ती कुठल्या पातळीपासून मोजली हे सांगावे लागते, नाहीतर भरती-ओहोटीत तो आकडा जहाज बुडवील, असे आपण म्हणत असा. म्हणून कुणी एखादे वर्ष सांगितले की आपला प्रश्न ठरलेला असे: शक की इसवी सन? शकात 78 मिळवायचे, पण पौष-माघातील तिथी असेल तर बहुधा 79, हे माझ्या सातवीच्या मुलांनाही आता पाठ आहे. ज्या खडकाची खात्री नाही तो नाविक नकाशावरून पुसत नाहीत. त्याच्याजवळ 'अस्तित्व संशयित' असे छापतात, ही गोष्ट तर मला फार मोलाची वाटते. त्यामुळेच आपण गावातील एकाही म्हाताऱ्याची दंतकथा मोडून काढली नाहीत. ती सांगणाऱ्याचे नाव, वय, तारीख घालून वहीत उतरवून घेतलीत आणि समासात तेच दोन शब्द लिहिलेत. भीमगडाच्या मावळ्याची कथाही त्या वहीत आहे, माझ्या नावावर.

हलशीची सहल मुलांच्या अजून तोंडी आहे. भूवराह नरसिंहाच्या देवळासमोर बसवून आपण सांगितलेत की हे गाव म्हणजे कदंब राजघराण्याच्या काळातली पलाशिका. इथे सापडलेल्या ताम्रपटांतून, काकुस्थवर्म्याने श्रुतकीर्ती नावाच्या आपल्या सेनापतीला जमीन दिल्याचे आजही वाचता येते. पुढे बाराव्या शतकात गोव्याच्या कदंबांपैकी शिवचित्त पेर्माडीची सत्ता इथे होती, आणि त्याची राणी कमलादेवी हिने देगावचे कमलनारायणाचे देऊळ बांधवले. मग आपण मुलांना विचारलेत की कारवारच्या नौदल तळाचे नाव काय. कुणालाच येईना. 'आयएनएस कदंब', 2005 पासून. रोज बसच्या पाटीवर हलशी वाचणाऱ्या मुलांच्या चेहऱ्यांकडे तेव्हा पाहण्यासारखे होते! त्यांतील एक मुलगी आता धारवाडला इतिहास घेऊन शिकते आहे. सुट्टीत ती कन्नड शाळेच्या मास्तरांना घेऊन आली आणि दोघांनी मिळून कन्नड फलकाची अक्षरे तपासली.

आणखी एका गोष्टीचे आभार राहिले आहेत. स्मरणिकेतील चुकीचा लेख माझ्या मनाला लागून राहिला होता. शाळेच्या कपाटातील प्रतीतून ते पान फाडून टाकावे असे मी आपल्यापाशी बोललो, तेव्हा आपण जहाजाच्या नोंदवहीचा नियम सांगितलात: नोंद चुकली तर खोडरबर वापरायचा नाही, पान फाडायचे नाही, खालचे वाचता येईल अशी एकच रेघ मारायची, योग्य नोंद लिहायची आणि सही करायची. मी तसे केले. ती प्रत आता वीरगळाच्या ठशासोबत शाळेत लावली आहे. रेघ आहे, सही आहे, तारीख आहे. ओटा पाहायला आलेले लोक शाळेतही येतात, आणि मी त्यांना ते पान स्वतः उघडून दाखवतो.

सुगी आटोपली की पलीकडच्या वाडीतील देवराईत अर्धा पुरलेला एक दगड मोकळा करायचा आहे. वन खात्याकडे परवानगीचा अर्ज दिला आहे. कागद आणून ठेवला आहे, ब्रश आपण दिलेलाच आहे. ठसा निघाला की पहिली प्रत पुण्याच्या पत्त्यावर पाठवीन. वाचून समासात जे लिहायचे ते आपण निःसंकोच लिहावे.

आपला कृतज्ञ,
खानापूर तालुक्यातील एक शिक्षक